अट मागणाऱ्याची

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेला आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, इंटरफेस कशासाठी? उत्तर ओठावरच असतं: जावात मल्टिपल इनहेरिटन्स चालत नाही, म्हणून इंटरफेस. पाठोपाठ ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक येतो. त्याचं दोन रकान्यांचं कोष्टक पाठ केलेलं असतं. परीक्षक मान डोलावतात. तेच उत्तर पुढे नोकरीच्या मुलाखतीत खपतं आणि काही वर्षांनी तोच मुलगा टेबलाच्या पलीकडे बसला की त्याच उत्तराची वाट पाहतो. हा पूर्वपक्ष. तो अपुरा आहे, एवढं म्हणून मी थांबणार नाही. तो उलटा आहे, आणि त्याच्या भरवशावर लिहिलेले प्रोग्रॅमही उलटे होतात.

आधी त्याला त्याचं माप पदरात घालू. पूर्वपक्षाचा आधार घरचाच आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1996 मध्ये जावाची ओळख करून देणारी श्वेतपत्रिका काढली. लेखक जेम्स गॉस्लिंग आणि हेन्री मॅकगिल्टन. मल्टिपल इनहेरिटन्स आणि त्याची सगळी दुखणी आम्ही टाकून दिली, त्यातलं घेण्याजोगं तेवढं इंटरफेसमधून दिलं, अशा अर्थाचं विधान तिच्यात आहे. मात्र तिथेच पुढे असंही म्हटलंय की ही कल्पना ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या प्रोटोकॉलच्या जातीची आहे. पाठ्यपुस्तकांपर्यंत येता येता हे शेपूट गळून पडलं, आणि खरी गोम त्या शेपटातच होती. ऑब्जेक्टिव्ह-सी वापरणाऱ्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर प्रोटोकॉलचा एक मोठा उपयोग होता तो दुसऱ्या प्रोसेसमध्ये राहणाऱ्या ऑब्जेक्टशी बोलण्यासाठी. समोरच्याचा क्लास हाताशीच नाही. त्याचा वंश काय विचारणार? त्याला कोणते निरोप कळतात, एवढंच विचारता येतं.

आता पूर्वपक्ष अन्वय-व्यतिरेकावर घासून पाहू. मल्टिपल इनहेरिटन्सची उणीव हे इंटरफेसचं कारण असेल, तर जिथे ती उणीव नाही तिथे इंटरफेस दिसता कामा नये. सी प्लस प्लसमध्ये मल्टिपल इनहेरिटन्स 1989 च्या 2.0 आवृत्तीपासून आहे. तरी मायक्रोसॉफ्टने 1993 मध्ये ‘कॉम’ ही यंत्रणा आणली ती अथपासून इतिपर्यंत इंटरफेसवर उभी केलेली. तिच्यात प्रत्येक घटकाला ‘आय-अननोन’ हा तीन मेथडचा इंटरफेस पाळावाच लागतो, आणि त्यातली एक मेथड ‘तू अमुक इंटरफेस पाळतोस का?’ हे विचारण्यासाठी आहे. पायथनमध्ये तर एका क्लासला हवे तेवढे आईबाप करता येतात. त्या भाषेनेही 2019 मध्ये, 3.8 या आवृत्तीत, प्रोटोकॉल आणले. दुसऱ्या टोकाला गो. नोव्हेंबर 2009 मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत क्लासही नाही आणि वारसाही नाही, एकेरी नाही की अनेकेरी नाही; पण इंटरफेस हा तिचा कणा आहे. उणीव नाही तिथे इंटरफेस आहे, आणि वारसाच नाही तिथेही आहे. मग कार्यकारणभाव उरला कुठे?

कोष्टकाचं काय? ‘ज्याच्यात सगळ्या मेथड ॲबस्ट्रॅक्ट तो इंटरफेस’ हे त्यातलं पहिलं लक्षण. तर्कशास्त्रात लक्षणाचे दोष सांगताना गाय उभी करतात: ‘कपिला ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती, ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. आमच्या लक्षणात दोन्ही दोष गुण्यागोविंदाने नांदतात. मार्च 2014 मध्ये जावा 8 आली आणि इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड, म्हणजे अंगासकट लिहिलेल्या मेथड, चालू लागल्या. ‘लिस्ट’ या इंटरफेसमधली सॉर्ट ही मेथड अशीच आहे. लक्षण प्रमाण मानलं तर ‘लिस्ट’ला त्या दिवसापासून इंटरफेस म्हणता येणार नाही. उलट एकही भरलेली मेथड नसलेला ॲबस्ट्रॅक्ट क्लास हा मात्र इंटरफेस ठरेल. अनेक वह्यांमधून हे कोष्टक अजून तसंच उतरवलं जातंय, हा भाग वेगळा.

खंडन एवढं पुरे. आता माझा पक्ष: इंटरफेस म्हणजे मागणाऱ्याने घातलेली अट. वारसा सांगतो की हे ऑब्जेक्ट कुठून आलं, त्याच्या अंगात कुणाचा कोड मुरलाय. वापरणाऱ्या कोडला समोरच्याकडून नेमकं काय हवंय, ते इंटरफेस सांगतो. वारशाची कथा देणाऱ्याच्या घरची आहे. इंटरफेस घेणाऱ्याच्या दारात टांगलेला असतो.

ही अट एका पंपावरून पाहू, आणि त्यासाठी कुंडलकडे जाऊ. कुंडल म्हटलं की क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवतं, जी. डी. बापू लाड आठवतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज त्या गावाच्या नावाचं स्टेशन हवंय. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभारला तो कुंडल रोड स्टेशनाजवळ. स्टेशनाला किर्लोस्करवाडी हे नाव मागाहून मिळालं. तिथे लोखंडी नांगर झाले, कडबा कापायची यंत्रं झाली, पुढे पंप झाले. मोटार आणि पंप एकत्र असलेला मोनोब्लॉक येण्याआधीचा पंप या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पंप वेगळा, त्याला फिरवणारा वेगळा. पंपाच्या बाहेर शाफ्टचं एक टोक मोकळं असायचं, त्यात चावीची खाच. त्यावर पुली चढवून पट्ट्याने ऑइल इंजिन जोडा, नाहीतर कपलिंग लावून विजेची मोटार. गावोगाव वीज आली तसं कित्येक विहिरींवर हेच झालं: इंजिन उतरलं, मोटार बसली, पंप होता तिथेच राहिला. इंजिन आणि मोटार एकाच कुळातली असावीत असं कुणी म्हटलं नाही. एक डिझेल जाळतं, दुसरी विजेवर चालते. आत एकाचा भाग दुसऱ्यात सापडायचा नाही. पंपाला हवे होते मिनिटाला अमुक फेरे, अमुक अश्वशक्ती आणि शाफ्टवर बसेल असं टोक. या अटी पंपाने घातल्या होत्या. फिरवणाऱ्याने त्या पुऱ्या करायच्या.

प्रोग्रॅममध्ये हे कसं उतरतं ते पाहायला याच परिसरातलं काम घेऊ. उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक यांची साखर कारखान्याच्या काट्यावर रांग लागते. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतात, त्यांच्या तारा इंडिकेटरला जातात, आणि इंडिकेटरमधून एक सिरियल केबल संगणकाला. इंडिकेटर अक्षरांची एक ओळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एका बनावटीचा इंडिकेटर वजनाला स्थिर-अस्थिरची खूण जोडतो, दुसरा आकडे उलट्या क्रमाने पाठवतो, तिसरा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. वजनपावती छापणाऱ्या कोडला यातलं काही कळायची गरज आहे का? त्याचे प्रश्न दोनच: काटा स्थिर झाला का, आणि किती किलो? मग ‘वजनकाटा’ या इंटरफेसमध्ये मेथडही दोनच. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती हा सगळा हिशेब या दोन मेथडच्या जोरावर लिहून होतो.

पूर्वपक्षी माणूस हेच काम कसं करील? तो आधी ‘काटा’ नावाचा बाप काढील. ‘सगळ्या काट्यांना सिरियल पोर्ट असतोच’ म्हणून पोर्ट बापात, अक्षरं साठवायचा बफर बापात, पोर्टचा वेग बापात. मग एकेका बनावटीची पोरं. पुढच्या हंगामात एक नवा काटा बसतो, तो सिरियल केबलऐवजी नेटवर्कवरून बोलतो. त्याला कधीच न उघडणारा पोर्ट वारशात मिळाला. आणि पुण्यात बसून हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीच्या टेबलाखाली काही ट्रकचा काटा नसतो; तिला हवा असतो ठरवलेली वजनं ओळीने सांगणारा नकली काटा. त्याच्या गळ्यातही पोर्ट. मग ती मुलगी बापाच्या मेथड रिकाम्या अंगाने झाकत बसते. इंटरफेसवाल्या मांडणीत नकली काटा दहा-बारा ओळींत होतो, कारण पावतीच्या कोडने मागितलंय तेवढंच त्याला द्यायचंय. पोर्ट, वेग, बफर या देणाऱ्याच्या घरच्या गोष्टी. अटीच्या कागदावर त्यांना जागा नाही. इंटरफेसमध्ये ‘पोर्ट उघड’ अशी मेथड दिसली की समजावं, हा कागद चुकीच्या बाजूने लिहिलाय.

गोमध्ये ही दिशा भाषेतच मुरवलेली आहे. तिथे ‘मी अमुक इंटरफेस पाळतो’ असं कुठे लिहावंच लागत नाही. मेथड जुळल्या की झालं. ‘रीडर’ या एका मेथडच्या इंटरफेसला फाइलही चालते, नेटवर्कवरची जोडणीही चालते आणि स्मृतीतला बफरही. यांपैकी कुणीही त्याचं नाव घेत नाही. म्हणजे वापरणारा आपली अट आज लिहू शकतो, आणि कधीकाळी दुसऱ्याने लिहिलेला टाइप ती अट आपसूक पुरी करतो. जावात ‘इम्प्लिमेंट्स’ म्हणून नाव घ्यावं लागतं. त्यामुळे अट देणाऱ्याची आहे असा भास होतो. पूर्वपक्ष रुजायला हा भासही थोडाफार कारण असावा.

‘पण इंटरफेसमुळे प्रोग्रॅम मंदावतो’ असा एक आक्षेप जुन्या मंडळींकडून येतो. त्यासाठी यंत्राच्या आत डोकवावं लागेल. जावात प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर आपल्या क्लासचा पत्ता असतो आणि क्लासजवळ मेथडचा तक्ता. एखाद्या क्लासच्या नावाने मेथड बोलावली तर तिचा क्रमांक पक्का असतो, कारण बापाचा तक्ता पोराच्या तक्त्यात त्याच क्रमाने उतरतो. सातवी मेथड सगळ्या वंशात सातवीच. इंटरफेसच्या नावाने बोलावलं की हे गणित मोडतं. नकली काट्यात ‘किलो’ दुसरी असेल, नेटवर्कवाल्यात नववी. म्हणून जावाच्या यंत्रणेत यासाठी ‘इन्व्होक-इंटरफेस’ ही वेगळी सूचना आहे: आधी त्या क्लासमध्ये या इंटरफेसचा छोटा तक्ता शोधायचा, मग त्यातली मेथड. हा शोध महाग, आणि तो दरवेळी झाला असता तर आक्षेप खरा ठरला असता. व्यवहारात यंत्रणा प्रत्येक हाकेच्या जागी आधी कोणता क्लास आला होता ते लक्षात ठेवते. काट्याच्या संगणकावर हंगामभर एकाच क्लासचं ऑब्जेक्ट येत राहतं. मग एक तपासणी आणि थेट उडी. पुष्कळदा मेथडचं अंगच तिथे आणून बसवलं जातं आणि हाक उरतच नाही. गोने वेगळी सोय केलीय: इंटरफेसचं मूल्य म्हणजे दोन पत्त्यांची जोडी, एक जुळवलेल्या तक्त्याचा आणि एक प्रत्यक्ष मालाचा. तक्ता एकदा जुळला की शोधाशोध नाही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वारशाचा तक्ता क्रमाने उतरतो, इंटरफेसचा जुळवावा लागतो. दोन्ही एकाच कुळीच्या गोष्टी असत्या तर यंत्राला दोन वेगळ्या सूचना ठेवायची गरज पडली नसती.

माझ्या पक्षावर खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो पूर्वपक्षी करत नाहीत, याचं मला नवल वाटतं. आक्षेप असा: अट म्हणता, पण कंपायलर तपासतो काय? मेथडचं नाव, काय द्यायचं, काय परत मिळणार. ‘किलो’ने पूर्णांक परत दिला की कंपायलर खूश. तो किलोच आहे, क्विंटल नाही, काटा हलत असतानाचा नाही, हे कोण पाहणार? आक्षेप बरोबर आहे. पंपाच्या बाबतीतही हेच होतं. थ्री-फेज मोटार कपलिंगवर चपखल बसते, फिरतेही झोकात, आणि पाणी मात्र धड चढत नाही. कारण ती उलटी फिरतेय. पंपाच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण ओतलेला असतो तो याचसाठी. तीनपैकी दोन फेज अदलाबदल केल्या की काम होतं. शाफ्टचं माप ही अट अर्धी. बाण ही उरलेली अर्धी.

जावात या बाणाचं चांगलं उदाहरण ‘कम्पॅरेटर’ आहे. दोन वस्तू द्या, ऋण, शून्य किंवा धन आकडा परत करा, एवढीच त्याची सही (सिग्नेचर). पण अर्थ मोठा आहे: अ हा ब पेक्षा मोठा असेल तर ब हा अ पेक्षा लहान निघायला हवा, अ ब पेक्षा मोठा आणि ब क पेक्षा मोठा असेल तर अ क पेक्षा मोठाच. 2011 मध्ये जावा 7 ने क्रमवारी लावायची जुनी रीत बदलून टिमसॉर्ट आणली, आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेले काही प्रोग्रॅम एकाएकी एक्सेप्शन फेकू लागले. तक्रारीचा मथितार्थ असा की तुमचा कम्पॅरेटर करार मोडतोय. करार आधीपासून मोडलेलाच होता. नव्या वापरणाऱ्याने तो पहिल्यांदा तपासला.

काट्याचंही तेच. ऊसपट्ट्यात काटामारी, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवणं, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. (मी कुठल्या एका कारखान्याबद्दल बोलत नाही, तक्रार राज्यभराची आणि जुनी आहे.) त्यावर शेतकऱ्यांची मागणी काय असते? बाहेरच्या प्रमाणित काट्यावर वजन करून आणलेला ऊस मान्य करा. कोणताही खरा काटा दुसऱ्या खऱ्या काट्याच्या जागी चालला पाहिजे, असा या मागणीचा अर्थ. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 च्या भाषणात, आणि पुढे 1994 मध्ये जेनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, नेमकी हीच अट प्रोग्रॅमला घातली: एकाच्या जागी दुसरं ऑब्जेक्ट ठेवलं तर वापरणाऱ्याच्या अपेक्षेला तडा जाता कामा नये. काटा आकडा देतो की नाही हे कंपायलर पाहतो. आकडा खरा आहे का, हे पाहायला वैधमापनशास्त्राचा निरीक्षक, त्याची प्रमाणित वजनं आणि शिक्का लागतो. प्रोग्रॅममध्ये ते काम चाचण्यांनी करायचं: ‘वजनकाटा’ या इंटरफेससाठी चाचण्यांचा एकच संच लिहायचा आणि प्रत्येक नवा क्लास त्यातून काढायचा. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल या भाषेत आधीची अट आणि नंतरची हमी मेथडला जोडूनच लिहायची सोय केली होती, तीही 1986 च्या सुमारास. मुख्य प्रवाहातल्या बहुतेक भाषांनी ती दीर्घकाळ उचलली नाही, हे दुर्दैव.

म्हणून आक्षेपाने माझा पक्ष पडत नाही, पक्का होतो. अर्थाची अपेक्षा कुणाची असते? वापरणाऱ्याची. बाण पंपाच्या अंगावर असतो.

उत्तरपक्षातही अतिरेकी आहेतच. ‘इंटरफेसला धरून लिहा’ हे वचन ऐकून प्रत्येक क्लासमागे एक इंटरफेस काढणारे. ‘पावतीसेवा’ इंटरफेस, ‘पावतीसेवाइम्पल’ क्लास. जोडी अखंड, दोघांच्या मेथड हुबेहूब, तिसरं कुणी कधी येत नाही. या सवयीला एकेकाळी कारण होतं. 2000 मध्ये जावा 1.3 ने चालत्या प्रोग्रॅममध्ये प्रॉक्सी बनवायची सोय दिली, ती फक्त इंटरफेसची प्रॉक्सी बनवू शके, आणि स्प्रिंगसारख्या चौकटींना ती लागे. स्प्रिंग बूट 2 ने 2018 मध्ये क्लासचीच प्रॉक्सी ही मूळ पद्धत केली. कारण गेलं, इम्पल राहिलं. मोनोब्लॉक पंपात मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. कपलिंग नाही, त्याचे रबरी बुश झिजत नाहीत, अलाइनमेंट चुकून बेअरिंग जात नाही, जागाही कमी लागते. इंजिन बदलायची वेळ येणारच नाही अशा ठिकाणी तोच शहाणपणाचा. क्लासचंही तसंच. मागणारा एक, देणारा एक, आणि दोघं एकाच टीमच्या हातात, तर इंटरफेस म्हणजे न लागणारं कपलिंग.

शेवटी पूर्वपक्षाचा उरलेला एक डाव. डिफॉल्ट मेथड आल्या, म्हणजे इंटरफेसमधून कोड वारशात मिळू लागला, म्हणजे मागच्या दाराने मल्टिपल इनहेरिटन्सच की! पण त्या आल्या कशासाठी ते पाहा. जावा 8 ला ‘कलेक्शन’ या इंटरफेसमध्ये ‘स्ट्रीम’ घालायचं होतं, आणि नुसती अट वाढवली असती तर जगभरात लोकांनी लिहिलेले कलेक्शनचे क्लास नव्या जावावर कंपाइल होईनासे झाले असते. जाहीर झालेली अट मागाहून वाढवताना जुन्या देणाऱ्यांना सांभाळायची ही तजवीज. शिवाय दोन इंटरफेसमधून एकाच सहीची डिफॉल्ट मेथड आली आणि त्या दोघांत नातं नसलं, तर जावा कुणाची घ्यायची हे स्वतः ठरवत नाही. कंपायलर थांबतो आणि क्लासलाच ती मेथड लिहायला लावतो. आणि ऑब्जेक्टची स्वतःची साठवण, म्हणजे काट्याचा पोर्ट, बफर, शेवटचं वजन, यातलं काहीही इंटरफेसमध्ये आजही ठेवता येत नाही.